घुमणाऱ्या चाकाचा आळ

आवाज पहिल्यांदा आला तो किन्हवली सोडल्यावर, सरळ रस्त्याला. दिवाळी करून मी परभणीकडच्या माझ्या गावाहून आदल्याच दिवशी परत आलो होतो. सकाळी शेणव्याच्या नाक्यावर जीप भरली, मुरबाडकडे निघालो, गाडीनं जरा वेग घेतला आणि खालून कुठून तरी घूंऽ सुरू झालं. लांबच्या वस्तीत पिठाची गिरणी चालू असावी तसं. वेग वाढवला की गिरणी जवळ यायची, कमी केला की लांब जायची.

"डायवर, भुंगा शिरला काय रे गाडीत?" मागच्या बाकावरून एक म्हातारबाबा म्हणाले.

"भुंगा नाय, विमान हाय," त्यांच्या शेजारचा म्हणाला. "घट्ट बसा, उडवतोय आता तो."

माझ्या बाजूला काकड्यांची पाटी घेऊन एक मावशी बसल्या होत्या. त्यांनी पाटी उचलून मांडीवर घेतली. "माझ्या पाटीचं नाव नको हां घेऊ," म्हणाल्या. "माझी पाटी चढली तवा आवाज नव्हता."

सगळे हसले, मीही हसलो. पण आतून घाबरलो होतो. गाडी माझी असती तर घाबरलो नसतो. स्वतःच्या गाडीत आवाज आला तर माणूस गाडीला शिव्या देतो. दुसऱ्याच्या गाडीत आला तर आधी स्वतःला तपासतो: परवा त्या खड्ड्यात जोरात गेली का, माणसं जास्त भरली का, क्लचवर पाय राहतो का आपला.

ही जीप कुणाची, हे सांगायला हवं. माझी शाळा आठवीत सुटली. पुढे मोठ्या रस्त्याच्या कामावर शहापूरकडे आलो, डंपर चालवायला शिकलो. काम पुढं सरकलं तशी माणसंही पुढं गेली आणि मी काविळीनं पिवळा होऊन पत्र्याच्या शेडमध्ये एकटा राहिलो. शेडच्या शेजारी शेत असलेल्या एका शेतकऱ्यानं मला उचलून घरी आणलं. त्यांना मी मालक म्हणतो. त्यांच्या बायकोला वहिनी. महिनाभर वहिनींनी मला बिनतेलाची पेज पाजली. मालकांनी बैल विकले होते, गोठा रिकामा होता. त्यातला अर्धा सारवून त्यांनी मला खाट टाकून दिली, आणि बरा झाल्यावर त्यांची प्रवासी जीप हातात दिली. माझे सख्खे नातेवाईक एवढं करत नाहीत. म्हणून मला नेहमी धाकधूक असते. ज्याचं एवढं घेतलं त्याचं काही बिघडवलं तर कुठल्या तोंडानं राहायचं.

संध्याकाळी मी आपण होऊन सांगितलं. मालक ओटीवर सुपारी कातरत बसले होते. त्यांचे वडील, ज्यांना सगळं घर बाबा म्हणतं, भिंतीला टेकून होते.

"मालक, गाडी घुमायला लागली."

"म्हंजे?"

"पळताना घूं घूं आवाज येतो."

"कुठं आपटलीस?"

बघा, पहिला शब्द हा. आवाज कसला, कुठून, केव्हापासून, काही नाही. कुठं आपटलीस.

"मी आजच हातात घेतली, मालक. गावाला जायच्या आधी एकदम चांगली होती. मी नसताना कुठं गेली होती का गाडी?"

"कुठं नाय. दारातच व्हती."

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनीही मान हलवली. "दारातच व्हती रे. कोण नेतंय तिला."

वहिनी आतून पाणी घेऊन आल्या. त्याही म्हणाल्या, दारातच होती. तिघं खोटं बोलणारी माणसं नव्हेत. मग उरलो मी.

दोन दिवसांनी मालकांनी गाडी रस्त्यावरच्या एका गॅरेजवाल्याला दाखवली. तो माणूस बॉनेट उघडून उभा राहिला आणि मला म्हणाला, रेस दे. मी दिली. इंजिन गुरगुरलं. त्यानं कान लावला, मान तिरकी केली, परत म्हणाला, दे अजून.

मी म्हणालो, "उभ्या गाडीत तो आवाज येतच नाही, दादा. चालवून बघा ना एकदा. इथून पुलापर्यंत."

"तू शिकव आता मला," तो म्हणाला. मग मालकांकडे वळून, "शेठ, गिअरबॉक्स हाय. डायवर क्लचवर पाय ठेवून चालवतो, दुसरं काय."

गाडीत तो बसलाही नाही. आवाज त्यानं ऐकलाही नाही. जो आवाज ऐकला नाही त्याचं कारणही सांगितलं आणि ते कारण माझ्या डाव्या पायात नेऊन ठेवलं. मला सणकून संताप आला. क्लचवर पाय न ठेवणं ही डंपरवर मला शिकवलेली पहिली गोष्ट. पण सांगणार कुणाला? दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली होती, आणि निकाल लागला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेणव्याच्या नाक्यावर चहाच्या टपरीपाशी आम्ही सगळे जीपवाले उभे होतो. मालक मोटारसायकलवरून आले, गाडीही बंद केली नाही.

"गिअरबॉक्स खाल्लास तू माझा," म्हणाले. सगळ्यांसमोर. "माळशेजला लग्नाच्या ट्रिपा मारल्या असशील गुपचूप. आमाला कळत नाय असं नको समजू."

"मालक, मी कधीच…"

"ऱ्हाऊ दे. आठवड्याचा बाजार होईस्तोवर चालव. मग गिअरबॉक्स उतरवू, आन मग बघू तुझं काय ते."

मोटारसायकल निघून गेली. मग आमच्यातला सगळ्यात जुना ड्रायव्हर, जो कुणाचंही दुःख हलकं करायला जातो आणि जड करून येतो, म्हणाला, "तुझी खाट कुठं टाकायची तेवढं बघून ठेव रे. माझ्याकडं कोंबड्या हायत, पण जागा होईल."

हसले लोक. मी माझा चहा रस्त्यावर ओतून दिला.

'मग बघू' म्हणजे काय हे परक्या मुलखात राहणाऱ्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. 'मग बघू' म्हणजे नोकरी गेली, गोठ्यातली खाट गेली. पण ते एक वेळ सोसलं असतं. हात आहेत, कुठंही चालवीन. चोरून ट्रिपा मारणारा हे नाव मात्र माझ्याआधी मुरबाडला पोचलं असतं, शहापूरला पोचलं असतं. गावाकडं आई सगळ्यांना सांगते, माझ्या पोराला देवमाणूस भेटला. त्या देवमाणसानं पोराला चोर म्हणून काढलं, हे तिला कुणी सांगायचं?

दिवसभर गाडी चालवताना मी बाकी काही ऐकत नव्हतो, फक्त ती गिरणी. आणि राग असा होता की त्यानं डोकं साफ झालं. भीतीनं मला कधी काही सुचत नाही. रागानं सुचलं. म्हटलं, आवाज गाडीत आहे ना, मग तो कुठल्या तरी एका जागी असणार. सगळ्या गाडीत तर नसणार. ती जागा शोधायची.

दुसऱ्या दिवशी वहिनींना धसईला माहेरी जायचं होतं. त्या पुढं माझ्या डाव्या हाताला बसल्या, मांडीवर तांदळाची पिशवी. मागं गाडी रिकामीच होती, कारण घरच्या कामाला निघालेल्या गाडीत मालक पॅसेंजर भरू देत नाहीत. सरळगाव गेलं, रस्ता रुंद आणि मोकळा मिळाला.

"वहिनी, जरा कान द्या," म्हणालो. "मी आता एक गंमत करतो."

"गंमत नको रे बाबा, माझ्या पोटात आधीच ढवळतंय."

मी वेग वाढवला. घूंऽ चढलं. मग क्लच दाबला, गिअर काढला, आणि गाडी नुसती धावू दिली. इंजिनचा आवाज खाली बसला, अगदी कुजबुजीएवढा. घूं मात्र तिथंच होतं. तसंच्या तसं. गाडीचा वेग ओसरला तसं तेही हळूहळू ओसरलं.

"ऐकलंत? इंजिन गप्प झालं, पण हे नाही झालं."

"मंग?"

"मग याचा इंजिनाशी संबंध नाही. हे चाकाशी बांधलेलं आहे. चाक फिरतं तेवढं हे फिरतं."

"चाकं चार हायत," वहिनी म्हणाल्या.

चार होती. मी पुन्हा वेग घेतला आणि मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग जरासं उजवीकडे नेलं, मग जरासं डावीकडे, परत उजवीकडे. गाडी झुलायला लागली. वहिनींनी एका हातानं पिशवी धरली, दुसऱ्या हातानं दरवाजा.

"दारू प्यायलास काय सकाळी?"

"तुम्ही आवाज ऐका हो."

उजवीकडे वळली की गाडीचा सगळा भार डाव्या चाकांवर जातो. उजवीकडे वळली की घूं मोठं होऊन गुरगुरायला लागायचं. डावीकडे वळली की एकदम हलकं, जवळजवळ नाहीसं. एकदा, दोनदा, पुन्हा. दर वेळी तेच.

"डावं चाक," मी म्हणालो. "पुढचं की मागचं तेवढं कळायचं राह्यलं."

वहिनींनी चप्पल काढली आणि उघडा पाय गाडीच्या पत्र्यावर ठेवला. "पुन्हा वळव," म्हणाल्या. मी वळवली. त्यांनी पाय उचलला, परत ठेवला. "पुढचं. माझ्या पायाखालीच हाय. मुंग्या येतात बघ तळव्याला."

गॅरेजवाल्यानं जे केलं नाही ते वहिनींनी चप्पल काढून केलं. मला हसू आलं आणि हसतानाच पुन्हा संताप आला. एवढंच तर करायचं होतं. गाडीत बसायचं होतं.

धसईला त्यांच्या माहेरच्या अंगणात मी जॅक लावून पुढचं डावं चाक उचललं. एका हातानं फिरवलं, दुसरा हात पाट्याच्या स्प्रिंगवर ठेवला. हाताला खरखर लागली, दगड भरडल्यासारखी. वरखाली हलवलं तर चाक डुगडुगलं. म्हणजे बेअरिंग. पुढचं उजवं उचललं, तर ते लोण्यासारखं फिरलं. मग मी डावं चाक काढलं, चाक ज्यावर बसतं तो हब ओढून बाहेर घेतला, आणि आतल्या बाजूला बघतच राह्यलो.

सुंभाचा पीळ असावा तसा पेंढा गुंडाळला होता. भाताचा पेंढा. इतका घट्ट की बोटानं निघेना, स्क्रूड्रायव्हरनं खरवडून काढावा लागला. ग्रीस धरून ठेवणारं रबरी सील त्यानं फाडून टाकलं होतं, ग्रीस वितळून गेलं होतं, आणि त्या जागी काळा भुसा भरला होता. बेअरिंगच्या गोट्या त्या भुशात कोरड्या फिरत होत्या.

मी तो पेंढा हातात घेऊन उभा राह्यलो. रस्त्यावर इतका पेंढा चाकाला कुठून लागणार? एखादी काडी लागते, उडून जाते. हा तर तासन्‌तास गुंडाळलेला.

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. पेंढा बघितला आणि तांब्या तसाच धरून थांबल्या.

"आता गो बाई," हळूच म्हणाल्या. "ही तर मळणी."

मग त्यांनी सांगितल्यावर कळलं. मी गावाला असताना भात झोडायचं होतं. झोडायला माणसं मिळेनात. बैल तर विकलेले. बाबा म्हणाले, बैलाचं काम चाकानं होत नाय का? मग मालकांनी खळ्यावर मधल्या तिवड्याभोवती, म्हणजे बैल बांधायच्या खांबाभोवती, भाताचे भारे पसरले आणि त्यावरून जीप फिरवली. दिवस दिवस फिरवली. बैल फिरतात तशी, एकाच बाजूनं, गोल गोल. उजवीकडे स्टिअरिंग असतं, त्यामुळे तिवडा नजरेत राहावा म्हणून कायम उजवीकडे वळत. म्हणजे सगळा भार बाहेरच्या चाकावर. पुढच्या डाव्या.

"वहिनी," मी म्हणालो, "मी विचारलं होतं ना तुम्हाला सगळ्यांना? गाडी कुठं गेली होती का म्हणून?"

"तू विचारलंस कुठं गेली व्हती का," त्या म्हणाल्या, आणि खरंच गोंधळल्यासारख्या दिसल्या. "खळं काय कुठं जाणं झालं? खळं दारातच हाय ना रे. घरचं काम ते. बैल खळ्यावर फिरला तर बैल कुठं गेला असं म्हनतो का आपण?"

मला त्यांच्यावर रागवायचं होतं आणि रागवता येईना. त्यांच्या हिशेबात गाडी चालवणं म्हणजे रस्त्यावर चालवणं. खळ्यावरचं फिरणं हे भात काढणं. कुणी काही लपवलं नव्हतं. पण न लपवता माझी मान अडकवली होती, ती काय लपवून अडकवली असती तर जास्त दुखली असती? तिघांनी मिळून गाडीला बैल केलं आणि गिअरबॉक्स खाल्ला म्हणे मी.

मुरबाडला हळू हळू नेऊन बेअरिंग आणि सील बदलून घेतलं. येताना गाडीत शांतता होती. वहिनी मध्येच म्हणाल्या, "पायाखाली आता कायच नाय." मी नुसतं हूं म्हटलं.

संध्याकाळी मी तो पेंढा आणि जुनं बेअरिंग ओटीवर मालकांसमोर ठेवलं. वहिनींनीच सगळं सांगितलं. मालकांनी बेअरिंग हातात घेऊन फिरवलं, त्यातून भुसा गळला. बाबा पुढं सरकून बघायला लागले आणि खो खो हसले.

"तरी मी म्हनत व्हतो," बाबा म्हणाले, "अधनंमधनं थांबव, उलटी फिरव. बैलालापन आमी चारा खायला सोडायचो."

मालकही हसले. "बरं झालं, गिअरबॉक्स नाय उतरवला. जा, जेव. उद्या गाडी घे."

झालं. एवढंच. मी उभाच राह्यलो. मनात दोन माणसं भांडत होती. एक म्हणत होता, नोकरी राह्यली, खाट राह्यली, गप्प जेवायला बस, या माणसानं तुला मरताना उचललंय. दुसरा नुसता पेटला होता. उपकार केलेल्या माणसावर रागवायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

"मालक," मी म्हणालो, "मला नाक्यावर बोललात ते परत घ्या."

"घेतलं की. सांगितलं ना गाडी घे म्हणून."

"इथं नको. इथं कुणी मला चोर म्हटलं नव्हतं. नाक्यावर म्हटलंत, नाक्यावर घ्या."

मालकांचा चेहरा बदलला. "आता काय दवंडी पिटू काय तुझ्यासाठी?"

"पिटा की," आतून वहिनी म्हणाल्या. "त्याला बोललात तवा पिटलीच ना."

मी गोठ्यात जाऊन पडलो. जेवलो नाही. वहिनींनी ताट झाकून खाटेशी ठेवलं, ते सकाळी मांजरानं खाल्लेलं दिसलं.

सकाळी नाक्यावर मालक आले. या वेळी मोटारसायकल बंद केली, खाली उतरले, चहा मागितला, बाकड्यावर बसले आणि सुरू झाले. मळणीची गोष्ट. बाबांनी कसं डोकं लढवलं, जीप तिवड्याभोवती कशी फिरत होती, एक कोंबडी कशी दिवसभर मागं मागं चालत होती, आणि चाकात पेंढा कसा बसला. मालक गोष्ट छान सांगतात. टपरीवाला हसता हसता दूध उतू घालवून बसला. जुना ड्रायव्हर म्हणाला, "मंग आता जीपला वैरण पन टाकायची का?" आणखी हसले.

गोष्ट संपली. मालक उठले, ग्लास ठेवला. साऱ्या गोष्टीत मी कुठंच नव्हतो. माळशेज नव्हतं, चोरून ट्रिपा नव्हत्या. चार माणसांत एक गंमत झाली होती आणि तीही मालकांचीच.

मी म्हणालो, "आणि गिअरबॉक्स, मालक?"

हसणं थांबलं. मालक मोटारसायकलच्या सीटवर हात ठेवून उभे राह्यले. नजर रस्त्याकडे.

"गिअरबॉक्सला काय नाय झालेलं," म्हणाले. "ह्यानं खाल्ला नव्हता. ट्रिपा पन मारल्या नाय. मी बोललो ते चुकीचं बोललो."

मग किक मारून गेले. माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत, पण चार माणसांनी ऐकलं. जुन्या ड्रायव्हरनं माझ्यासाठी नवा चहा सांगितला आणि म्हणाला, "कोंबड्यांना सांगतो, पावना येत नाय म्हनून." मी गाडी भरली आणि किन्हवलीकडे निघालो. सरळ रस्त्याला वेग घेतला तर खाली नुसता टायरचा सरसर आवाज.

मालकांचे उपकार आहेत ते आहेतच. त्या पेजेची चव मी विसरणार नाही, आणि आईला फोनवर अजून तेच सांगतो, देवमाणूस. पण जे त्यांनी आपणहून द्यायला हवं होतं ते मला मागून घ्यावं लागलं, तेही दोनदा. तो राग गेलेला नाही. एकदा धसईला जाताना वहिनींना तसं बोललो. त्यांनी पुढं रस्त्यावरची गुरं दाखवून आधी मला ब्रेक लावायला लावला. मग म्हणाल्या, "नको घालवू. पुढल्या मळणीला तुझे मालक तुझ्याकडं गाडी मागायला येतील तवा कामाला येईल तुला."